जुना संगणक, नवं कार्ड आणि भिवंडीची हवा

संगणकाच्या डब्यातला पंखा काही थंड करत नाही. तो हवा सरकवतो, एवढंच. प्रोसेसरमध्ये तयार झालेली उष्णता हीटसिंकच्या तांब्या-अॅल्युमिनियमच्या पात्यांत उतरते, पात्यांवरून जाणारी हवा ती उचलते आणि डब्याबाहेर खोलीत टाकते. त्यामुळे सगळा हिशेब खोलीतल्या हवेपासून वर सुरू होतो. खोलीत ३८ अंश असतील तर कितीही भारी पंखा लावा, प्रोसेसर ३७ अंशांवर येणार नाही. जुना, वेग वाढवून चालवलेला संगणक अपग्रेड करताना उष्णतेचं काय करायचं, यावरचे बहुतेक सल्ले मात्र वीस-बावीस अंशांच्या खोल्या गृहीत धरून दिलेले असतात. ते जसेच्या तसे भिवंडीत लागू करायला गेलं की फसतात. उन्हाळ्यात इथल्या तापलेल्या दुपारी पारा अडतीस-चाळिसाला टेकतो, जूनपासून चार महिने हवा ओलाव्याने जड होते, आणि यंत्रमागांच्या कृपेने सुताचे तंतू तर हवेत बारा महिने असतात. अशा हवेत माझं म्हणणं एवढंच आहे की नवं ग्राफिक्स कार्ड, नवी रॅम, नवा कूलर यांतलं काहीही विकत घेण्याआधी संगणकाचा वाढवलेला वेग उतरवावा. उष्णतेवरचा हा फुकटचा आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे, आणि नेमका तोच सोडून लोक बाकी सगळं करून बघतात.

वेग वाढवण्याची, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगची, हौस तशी जुनी आहे. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्तातला प्रोसेसर आला. तो ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर साडेचारपट, म्हणजे ३०० मेगाहर्ट्झला चालायचा. बस १०० वर नेली की तोच ४५० ला धावायचा, आणि तोही बहुतेकदा कुरकुर न करता. पैसे ३०० चे आणि काम ४५० चं, असा तो व्यवहार होता. पुढे २००७ च्या सुमाराचा कोअर टू क्वाड क्यू६६०० आणि २०११ च्या जानेवारीत आलेला कोअर आय-५ २५००के हे त्या हौशीचे लाडके प्रोसेसर ठरले. २५००के मूळचा ३.३ गिगाहर्ट्झचा, लोक तो सर्रास ४.५ पर्यंत नेत. आज हे संगणक हौशी मुलांच्या टेबलावर उरलेले नाहीत. लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून, ओळखीपाळखीतून ते दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेले. कुठे फ्लेक्सचं डिझाइन करणाऱ्या दुकानात, कुठे लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्या स्टुडिओत, कुठे गोदामाच्या किंवा कारखान्याच्या हिशेबाच्या टेबलाखाली. यंत्र हातोहात फिरतं, पण बायोसमध्ये आधीच्या मालकाने काय करून ठेवलं आहे ते कुणी सांगत नाही. विकणाऱ्यालाच कित्येकदा ठाऊक नसतं. सीपीयू-झेडसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडून प्रोसेसर ताणावर असतानाचा वेग पाहावा आणि त्याच्या नावासमोर छापलेल्या वेगाशी ताडून बघावा. टर्बोची थोडीफार वाढ कंपनीनेच दिलेली असते. गिगाहर्ट्झभर फरक दिसला, तर मात्र यंत्र ओव्हरक्लॉक केलेलं आहे.

आता हा वाढीव वेग उष्णतेत काय भावाने पडतो ते बघू. प्रोसेसर जी वीज खातो तिचा मोठा भाग दोन गोष्टींवर ठरतो, वेग आणि व्होल्टेज. वेग दुप्पट तर वीज दुप्पट, इथवर सरळ आहे. व्होल्टेजचा परिणाम मात्र वर्गाने होतो, आणि वेग एका मर्यादेपलीकडे न्यायचा तर व्होल्टेज वाढवावंच लागतं. समजा २५००के हा चारही गाभ्यांवर (कोअरवर) ३.४ गिगाहर्ट्झला १.२ व्होल्टवर चालतो आणि कंपनीने सांगितल्याप्रमाणे ९५ वॉट उष्णता टाकतो. त्याला ४.५ वर नेण्यासाठी १.३५ व्होल्ट दिले, तर वेग ३२ टक्के वाढला. व्होल्टेज साडेबारा टक्केच वाढलं, पण त्याचा वर्ग सुमारे २७ टक्क्यांनी वाढला. दोन्हींचा गुणाकार केला की उष्णता ६७ टक्क्यांनी वाढते. ९५ चे १५९ वॉट होतात. आणि चिप जितकी गरम, तितकी तिच्यातून वीज जास्त झिरपते, म्हणजे खरा आकडा याहून थोडा वरच. हे गणित इंटेललाही चुकलं नाही. पेंटियम-४ चा वेग वाढवत नेताना उष्णता आवरेना, तेव्हा मे २००४ मध्ये कंपनीने त्याचा पुढचा अवतार रद्द केला (त्याचं सांकेतिक नाव ‘तेजस’ होतं, हा योगायोग म्हणायचा) आणि वेगाऐवजी गाभ्यांची संख्या वाढवायचा रस्ता धरला. ज्या भिंतीला डोकं आपटून इंटेलसारखी कंपनी मागे फिरली, त्याच भिंतीशी जुना ओव्हरक्लॉक केलेला संगणक रोज झुंजत असतो.

हाच हिशेब भिवंडीच्या खोलीत मांडला की त्याचा अर्थ कळतो. मध्यम प्रतीचा कूलर दर वॉटमागे साधारण ०.३ अंश चढ देतो असं धरू. १५९ वॉटचा प्रोसेसर डब्यातल्या हवेपेक्षा ४८ अंशांनी वर राहील. वातानुकूलित खोलीत २४ अंश आहेत आणि डब्यात ३०, तर प्रोसेसर ७८ वर. ठीक चाललं आहे. आता खोलीत ३८ अंश, डब्यात ४६. प्रोसेसर ९४ वर पोचला. त्यात कुणी नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि डब्यातली हवा आणखी पाच अंशांनी तापली, की आकडा होतो ९९. या प्रोसेसरची स्वतःची मर्यादा ९८ अंशांची. तिथे पोचला की तो जीव वाचवण्यासाठी आपणहून वेग कमी करतो. म्हणजे ज्या वेगासाठी हा सगळा खटाटोप, तो वेग व्हिडिओ रेंडर होताना, नेमका हवा असतो तेव्हाच नाहीसा होतो. स्क्रीनवर मात्र बायोस अभिमानाने ४.५ दाखवत राहतो. तेच यंत्र मूळ वेगावर ठेवलं तर त्याच दुपारी, त्याच नव्या कार्डासह, प्रोसेसर ऐंशीच्या आत राहतो. नवं कार्ड बसवायला जागा हवी असते ती अशी, अंशांत मोजायची, आणि वेग उतरवल्याशिवाय ती जागा होत नाही.

वरच्या गणितात कूलर स्वच्छ धरला होता. भिवंडीत ही फारच उदार कल्पना आहे. नारपोलीसारख्या यंत्रमागांच्या वस्तीत, माग दिवसरात्र चालतात तिथे, धोटा धावताना ताण्याला घासतो आणि सुताचे बारीक तंतू सुटतात. ते इतके हलके असतात की खाली बसायलाही त्यांना वेळ लागतो. संगणकाचा पंखा त्यांना आपल्याकडे ओढतो. बाहेरून डबा पुसलेला, चकचकीत असतो. झाकण काढलं तरी मदरबोर्डवर थोडी धूळ दिसते, एवढंच. खरा प्रकार कूलरचा पंखा सोडवून उचलला की दिसतो. पंखा आणि पात्यांच्या मधोमध राखाडी रंगाची जाड चादर जमलेली असते. चिमटीत धरून ओढली तर ती अख्खी निघून येते, घोंगडीच्या तुकड्यासारखी, आणि तिच्या खालच्या अंगावर पात्यांच्या रेघा उमटलेल्या असतात. पात्यांमधली फट दीड-दोन मिलिमीटरची. एक लांब तंतू आडवा अडकला की बाकीचे त्याच्यावर विणले जातात. मागांच्या तेलाचा अंश आणि पावसाळ्याचा ओलावा यांमुळे ते चिकटून बसतात. पंखा पूर्ण वेगाने ओरडत असतो, पण हवा पात्यांत शिरत नाही, चादरीवर आदळून बाजूला जाते. अशा वेळी ०.३ चा चढ ०.४५ झाला तर १५९ वॉटचा प्रोसेसर हवेपेक्षा ७१-७२ अंशांनी वर जायला बघतो. याच्या पुढे गणित करण्यात अर्थ नाही. यंत्र बंद पडतं. दुकानदार मग रॅम बदलून बघतो, विंडोज नव्याने टाकतो, आणि दोन दिवसांनी पहिले पाढे पंचावन्न.

इथे विषय सोडून एक सांगायला हवं. जो तंतू हीटसिंकमध्ये अडकतो, तोच मागावर बारा तास उभं राहणाऱ्या कामगाराच्या छातीत जातो. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात आणि कापड उद्योगात तो जगभर ठाऊक आहे. संगणकाच्या तोंडाला जाळी लावावी हे सहज सुचतं. माणसाच्या तोंडाला मुसकं मिळावं हे इतक्या सहज का सुचत नाही, याचं उत्तर या लेखात नाही.

तंतूंसाठीचा उपाय कंटाळवाणा आहे, म्हणून होत नाही. हवा आत येते त्या बाजूला बारीक जाळी लावायची, आत ढकलणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त ठेवायचे, म्हणजे डब्यात दाब राहतो आणि हवा फटीफटींतून चोरून न येता जाळीतूनच येते. मागांच्या जवळ असाल तर जाळी आठवड्याला झटकायची. कूलरचा पंखा उचलून आतली चादर काढायचं काम दिवाळीच्या साफसफाईवर ढकलू नये. ते मार्चच्या आधी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा व्हावं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर हवेच्या झोताने ते भलत्या वेगात फिरून बेअरिंग खराब होतं. आणि ब्लोअर डबा बाहेर नेऊन मारावा. खोलीतच मारला तर तंतू अर्ध्या तासात परत आत येतात. कूलर सोडवलाच आहे तर जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. दोन धातूंच्या मधली हवा उष्णता जवळजवळ नेतच नाही, ती हवा हुसकावण्यापुरतंच पेस्टचं काम. तांब्याच्या तुलनेत पेस्ट स्वतः उष्णता फारच कमी नेते, म्हणून ती जास्त थापली की फायद्याऐवजी अडथळा होतो. वाटाण्याहून लहान थेंब पुरतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला हमखास येतो: दहा वर्षं हे यंत्र याच वेगाने चाललं, आता काय होणार आहे? यात तथ्य आहे, आणि उष्णतेची भीती काही वेळा वाजवीपेक्षा जास्त घातली जाते हेही मान्य करायला हवं. २००७ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तापमान वाढलं की डिस्क पटापट मरतात, अशी सगळ्यांची समजूत होती; तसा सरळ संबंध त्यांना आढळला नाही. पण त्याच अभ्यासात हेही होतं की फार वरच्या तापमानाला, आणि विशेषतः वय झालेल्या डिस्कमध्ये, बिघाडाचं प्रमाण चढलं. आपला प्रश्न नेमका त्याच कोपऱ्यातला आहे, वरचं तापमान आणि झालेलं वय. शिवाय जुन्या संगणकात सहसा प्रोसेसर मरत नाही. मरतात त्याच्या भोवतालचे भाग. मदरबोर्डवरचे आणि एसएमपीएसमधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर हे त्यांतले सर्वांत नाजूक. साध्या कपॅसिटरवर १०५ अंशांना २००० तास असं आयुष्य लिहिलेलं असतं आणि अभियंते धरून चालतात की तापमान दर दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. उलटही खरं आहे. दहा वर्षं वाढीव वेगाने चाललेल्या यंत्रात कपॅसिटरचं बरंच आयुष्य खर्च झालेलं असतं. आजवर काही झालं नाही, ते या शिलकीवर. त्यात आता नव्या कार्डाचा भार टाकायचा आहे, म्हणजे परिस्थिती दहा वर्षांपूर्वीची राहिलेलीच नाही.

दुसरा आक्षेप जास्त मोहाचा आहे: वेग कशाला उतरवायचा, मोठा कूलर घालू, नाहीतर वॉटर कूलिंग करू. मोठ्या कूलरने चढ कमी होतो, हे खरंच, ०.३ चा ०.२ होईल. पण तो खोलीतले ३८ अंश कमी करत नाही, कार्डाने तापवलेली हवा थंड करत नाही, आणि तंतूंसाठी त्याची पाती अधिकच दाट असतात. पाण्याबद्दल तर मोठाच गैरसमज आहे. पाणी उष्णता गायब करत नाही, एका जागेवरून दुसरीकडे नेतं. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्म या महासंगणकात चिपपर्यंत द्रव नेऊन उष्णता काढण्याचं तंत्र वापरलं आहे, कारण तिथे दाटीवाटीने बसवलेल्या शेकडो प्रोसेसरांची उष्णता हवेने उचलणं अवघड. पण तिथेही ती शेवटी इमारतीबाहेर टाकावी लागतेच. घरच्या संचात रेडिएटर खोलीतच असतो, तो तीच तंतुमय हवा ओढतो आणि तसाच तुंबतो. जुन्या यंत्रात याचा एक छुपा तोटाही आहे. कंपनीने दिलेला साधा कूलर खाली तोंड करून फुंकतो. त्याची झुळूक प्रोसेसरच्या आजूबाजूच्या वीजनियंत्रक भागांनाही, म्हणजे मॉस्फेटनाही, लागते. वॉटर कूलिंग बसवलं की ती झुळूक जाते. प्रोसेसर पंधरा अंशांनी थंड झाला म्हणून मालक खूश होतो, आणि शेजारी स्वस्त मदरबोर्डवरचे, हीटसिंकही नसलेले मॉस्फेट वाढीव वेगाचा पूर्ण प्रवाह वाहत भाजून निघतात. मॉनिटरवर दिसणाऱ्या एका आकड्याकडे बघून उपाय केला की हे असं होतं.

मग एसी लावू, असं कुणी म्हणेल. एसी उपयोगी आहे, वाद नाही. तो हवा थंड करतो, कोरडीही करतो, आणि दारं-खिडक्या बंद राहिल्याने तंतूही कमी येतात. एसीच्या खोलीत बसून हौसेने खेळणाऱ्याने वेग वाढवलेला ठेवला तर माझी काही हरकत नाही. पण दुकानात, गोदामाच्या पत्र्याखालच्या केबिनमध्ये हा उपाय संगणकासाठी करायचा म्हणजे वीजबिलाचा विषय निघतो, आणि २६ जानेवारी २००७ ला वीजवाटप टोरंट पॉवरकडे गेल्यापासून भिवंडीत वीजबिलाइतका चर्चेत असलेला विषय क्वचितच असेल. वाढवलेल्या वेगाचे जादा ६५ वॉट, त्यात एसएमपीएसमधली गळती धरून भिंतीतून सुमारे ८० वॉट. रोज आठ तास पूर्ण ताण, वर्षाचे तीनशे दिवस, की १९०-१९५ युनिट झाले. युनिट दहा रुपयांना धरलं तरी वर्षाला एकोणीसशेच्या वर रुपये, आणि ती उष्णता बाहेर फेकण्यासाठी एसी जे खाईल ते वेगळं. काही जण वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आणतात. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तो झकास चालतो, कारण पाणी उडून जाताना हवा थंड होते. भिवंडीच्या दमट हवेत पाणी पुरेसं उडतच नाही; खोली थोडीशी थंड आणि भरपूर ओली होते, आणि ओल्या हवेत तंतू आणखी चिकटतात.

सर्वांत प्रचलित इलाज मात्र याहून सोपा आहे, डब्याचं झाकण काढून टेबलफॅन लावणं. आकडा खरंच काही अंशांनी उतरतो, म्हणून हा इलाज टिकून आहे. पण यंत्रमागांच्या गावात उघडा डबा म्हणजे तंतूंना आवतण; शिवाय डब्यातला हवेचा ठरलेला प्रवाह मोडतो, डिस्क आणि रॅमच्या कोपऱ्यात हवा साचून राहते, आणि पालीची सोय होते ती वेगळीच. झाकण काढायची पाळी येते ते बऱ्याचदा आपल्या संगणक-टेबलांमुळे. प्लायवूडच्या त्या टेबलांना सीपीयूसाठी एक कप्पा असतो, तीन बाजूंनी बंद, मागची बाजू भिंतीला टेकलेली. मागून फेकलेली गरम हवा कप्प्यातच घुटमळते आणि पुढून परत आत ओढली जाते. डबा त्या कप्प्यातून काढून, जमिनीपासून वीतभर उंच, मागे हातभर जागा सोडून ठेवा. कूलरची किंमत विचारायला जाण्याआधी हे करायला काय हरकत आहे?

वेग उतरवला तर संगणक मंद होईल, हा आक्षेप मी सर्वांत गंभीरपणे घेतो, कारण माणूस अपग्रेड करतोच मुळी वेगासाठी. पण जुन्या संगणकाचा मंदपणा कुठे असतो? बहुतेक वेळा फिरत्या हार्ड डिस्कमध्ये. तिच्या जागी साटा एसएसडी बसवली तर विंडोज सुरू होण्यात, मोठी फाइल उघडण्यात जो फरक पडतो तो १.१ गिगाहर्ट्झने कधीच पडला नव्हता. वर ती डिस्कपेक्षा कमी वीज खाते. रॅम वाढवली तरी उष्णतेत जाणवण्यासारखी भर पडत नाही. राहिलं ग्राफिक्स कार्ड. इथे माझा कौल स्पष्टपणे छोट्या कार्डाकडे आहे. मदरबोर्डवरची खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देते. त्यात भागणाऱ्या कार्डाला वेगळी वायर लागत नाही. २०१४ चं जीटीएक्स ७५० टीआय ६० वॉटचं होतं, २०१६ चं १०५० टीआय ७५ चं, आणि २०२४ मध्ये आलेलं सहा जीबीचं आरटीएक्स ३०५० साधारण ७० चं. उलट २०१० चं जीटीएक्स ४८० अडीचशे वॉटचं होतं आणि त्याच्या तापण्यावर तेव्हाही विनोद होत. जुन्या बाजारात ‘दणकट कार्ड’ म्हणून कुणी ते स्वस्तात देऊ करत असेल, तर नम्रपणे नको म्हणावं. वेग उतरवून जे ६५ वॉट वाचले, त्यांत जवळपास एक अख्खं नवं कार्ड मावतं. डब्यातली एकूण उष्णता होती तेवढीच राहते आणि व्हिडिओचं काम, जे आता कार्ड उचलतं, कितीतरी पटींनी लवकर होतं.

हवेचा हिशेबही याच बाजूने बोलतो. तीनशे वॉट उष्णता बाहेर काढायची आणि हवा डब्यातून जाताना दहा अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर सेकंदाला सुमारे २६ लिटर हवा डब्यातून जायला हवी. चारशे वॉटना तीच ३५ लिटर. जुन्या डब्याच्या चिंचोळ्या, अर्ध्या तुंबलेल्या जाळीतून एवढी हवा नेणं आवाजाशिवाय आणि तंतूंशिवाय होत नाही. एसएमपीएस हा याच हवेवर शेवटचा बसणारा. बऱ्याच जुन्या रचनांत तो डब्याच्या वरच्या कोपऱ्यात असतो, म्हणजे बाकी सगळ्यांनी तापवलेली हवा त्याच्या वाट्याला येते. स्वस्त एसएमपीएसवर छापलेले वॉट २५ अंशांना मोजलेले असतात; चांगल्या कंपन्या चाळीस किंवा पन्नास अंशांना मोजून लिहितात. भिवंडीत हा फरक कागदावरचा नाही. कार्डासाठी जमवलेल्या पैशांतून आधी चांगला एसएमपीएस घ्यावा आणि उरलेल्यात बसेल ते कार्ड, असंच मी सांगेन. क्रम उलटा करणाऱ्यांचं कार्ड कधीकधी जुन्या एसएमपीएसबरोबरच जातं.

वेग उतरवायचा कसा, हे दोन वाक्यांत सांगता येतं, पण त्यात एक खाच आहे. बायोसमध्ये जाऊन मूळ सेटिंग भरण्याचा पर्याय निवडायचा आणि जतन करून बाहेर पडायचं. खाच अशी की जुन्या काही मदरबोर्डांत मूळ सेटिंग भरलं की डिस्कची पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर जाते आणि विंडोज सुरूच होत नाही. माणूस घाबरतो, डिस्क गेली समजतो. म्हणून आधी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि नंतर तेवढी एक नोंद पूर्ववत करावी. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी याच वेळी बदलून टाकावी. मग मूळ वेगावर चार दिवस काम करावं आणि त्यानंतरच एकेक नवा भाग बसवावा. उष्णतेखेरीज हे करण्याचं आणखी एक कारण आहे. कोअर टूच्या काळात वेग वाढवला जायचा तो बस वाढवून, आणि रॅमचा वेगही त्या बसशी बांधलेला असायचा. अशा ताणलेल्या यंत्रात नवी रॅम टाकली आणि ते हँग झालं, तर दोष रॅमचा, व्होल्टेजचा, उष्णतेचा की बसचा, हे शोधायला मार्गच उरत नाही. चांगली रॅम दुकानात परत जाते आणि यंत्र हँग होतच राहतं.

इतकं सगळं करण्यापेक्षा जुनं यंत्र काढून का टाकू नये, हा शेवटचा आक्षेप, आणि त्याला माझं उत्तर अर्धंच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला आणि २०११ चे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. बँकेचे व्यवहार आणि जीएसटीची विवरणपत्रं ज्या संगणकावर भरली जातात, त्यावर हा विचार टाळता येणार नाही. तिथे लिनक्स चालत नसेल तर नव्या यंत्राची तयारी करावी आणि जुन्याला इंटरनेटपासून दूर, डिझाइनच्या किंवा व्हिडिओच्या कामावर ठेवावं. पण ‘जुनं झालं’ म्हणून धावता संगणक भंगारात घालणं मला पटत नाही. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम देशभर लागू आहेत. तरीही पत्र्याच्या शेडमध्ये वायरी जाळून तांबं काढण्याचे प्रकार संपलेले नाहीत. दोन-चार वर्षं आणखी काम देऊ शकणाऱ्या यंत्राला त्या वाटेला का लावावं? एक हद्द मात्र आखून घ्यावी. एसएसडी, एसएमपीएस आणि कार्ड मिळून खर्च चांगल्या वापरलेल्या नव्या पिढीच्या संगणकाच्या निम्म्यावर जात असेल, किंवा मदरबोर्डवरच्या कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसत असतील, तर एसएसडीपुरता खर्च करावा; ती पुढच्या यंत्रातही चालते.

सगळं बसवून झाल्यावर चाचणी घ्यायची ती एप्रिल-मेमधल्या दुपारी तीन वाजता, माग चालू असताना, झाकण लावून आणि डबा रोजच्या जागी ठेवून. दुकानदार ती रात्री, एसीत, उघड्या टेबलावर घेतो आणि यंत्र पास करतो. अर्धा तास प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींवर पूर्ण भार टाकावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावं. २५००केसारखा प्रोसेसर ऐंशी-पंच्याऐंशीच्या आत थांबला तर पुढे काही करू नका. त्याच्या वर गेला तर आधी जाळी, मग कूलरखालची चादर, मग पेस्ट, मग डब्याची जागा, याच क्रमाने बघा. हे सगळं नीट असूनही आकडा चढत असेल, तर बायोसमध्ये परत जाऊन व्होल्टेज अगदी थोडंसं खाली आणा, ०.०२५ व्होल्टच्या पायरीने, आणि दर पायरीला हीच चाचणी पुन्हा घ्या. यंत्र अडखळलं की एक पायरी वर येऊन तिथे थांबा.